घडीच्या वॉकरचा खटका

आमची आत्या म्हणजे भित्री भागूबाई. बाबांच्या कारखान्यातले वॉकर तीच बनवायची, पण माल बाहेर पडायची वेळ आली की ती अडून बसायची. आधी चार घरी जाऊन म्हाताऱ्यांना ते वापरायला द्यायची, प्रश्न विचारून त्यांना भंडावून सोडायची. तोवर तारीख उलटायची आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जायचं.

"ताई, तुझ्या चौकश्या संपेपर्यंत म्हातारे उरायचे नाहीत," बाबा वैतागून म्हणायचे.

घडीच्या नव्या वॉकरच्या वेळी तिने मधला मार्ग काढला. कारखान्याच्या दुकानात येणाऱ्यांनाच तो चालवून बघायला द्यायचा. सगळ्यांनी वाखाणला. पहिला माल वेळेवर घरोघर पोचला आणि बाबांचा जीव भांड्यात पडला.

दुसरा माल टेम्पोत चढत होता. दमलेली आत्या एका बुटक्या खोक्यावर टेकली. उठताना तिने समोरचा वॉकर धरला, सगळा भार त्याच्यावर टाकला. घडीचा खटका सुटला, वॉकर मिटला आणि ती तोंडावर आपटली. ओठातून रक्त येत होतं, पण तिचं लक्ष वॉकरकडे. चेहरा पांढराफटक.

"अरे, आपण विचारलं कुणाला? दुकानापर्यंत चालत आले त्यांना! ते सगळे उभेच होते रे. ज्यांना खाटेवरून उठायलाच वॉकर लागतो, ते दुकानात येतील कसे?"

बाबांनी टेम्पोकडे बघितलं. "आज माल गेला नाही तर हेही गिऱ्हाईक जाईल."

"जाऊ दे!" आत्या एवढ्या जोरात कधीच बोलली नव्हती.

बाबांनी टेम्पो रिकामा करायला लावला. आत्या पहिल्या गिऱ्हाइकांना फोन करायला बसली. नंबर मी लावून देत होते. कुणी उचलायला उशीर केला की नको नको ते डोळ्यांपुढे यायचं.

एका घरी आजींनी फोन उचलला.

"वॉकरवाल्या ताई का? थांबा, यांनाच बोलावते. फार कौतुक करतात हो तुमचं."

"नको, त्यांना उठवू नका! आजी, ऐका..."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग लांबून आजी म्हणाल्या, "अहो, उठा. वॉकर नीट धरा, घाई करू नका."

आत्या फोनमध्ये ओरडतच राहिली.