मर्डिनाच्या हातावरचा पट्टा

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या आर्डव्हेगात मर्डिना मकायच्या तोंडी लागायची कुणाची टाप नव्हती. शाळेच्या स्वयंपाकघरात तिचा उभा जन्म गेला. निम्मं गाव तिच्या हातचं सूप ओरपून मोठं झालं आणि तिच्या डावाचा धाक पाद्रीबाबालाही होता. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "चांगली चांगली स्थळं जमीनदारानं बोटीत कोंबून कॅनडाला धाडली. उरलात ते तुम्ही!"

हसून म्हणायची, पण पोटात आग होती. तिच्या खापरपणजीचं वर खोऱ्यातलं घर ती बाळंतिणीच्या खाटेवर असताना जमीनदाराच्या माणसांनी पेटवून दिलं होतं. का, तर मेंढ्यांना रान मोकळं हवं म्हणून. सगळं खोरं रिकामं केलं, माणसं या खडकाळ किनाऱ्यावर आणून टाकली, नांगर धरणाऱ्यांच्या हाती जाळी दिली आणि म्हणाले, जगा आता. त्या घरांची जोती अजून दिसतात. खोरं आजही एकाच मालकाचं आहे आणि तो वर्षाकाठी चार दिवस हरणं मारायला येतो. "अगं, दोनशे वर्षं झाली त्याला," असं कुणी म्हटलं की मर्डिना उसळायची. "मग? घर परत दिलं का कुणी?"

तिचा धाकटा भाऊ एनिअस त्याच मालकाच्या शिकारी रानाचा राखणदार होता. बायको वारलेली, मूलबाळ नाही, राहायचा मालकाच्याच घरात. बहीण तापलेला तवा तर हा थंड पाणी. रविवारी चर्च सुटलं की तो बहिणीकडे जेवायला यायचा. मटणाचं सूप, उकडलेले बटाटे आणि वाद हा ठरलेला बेत.

"आलास का, जमीनदाराचा माणूस!"

"आलो बाई. त्याच्याकडचं सूप पाणचट असतं."

मग २०१४ साल आलं. स्कॉटलंडनं स्वतंत्र व्हावं की नाही, यावर मत द्यायचं होतं. मर्डिना दुखरे गुडघे घेऊन दारोदार फिरली. "आपण मत द्यायचं एकाला आणि लंडनहून राज्य यायचं भलत्याचंच. तेल आपल्या समुद्रातलं, हिशोब त्यांचा. अरे, स्वतःच्या घराची किल्ली मागायला लाज कसली?" गावच्या हॉलमधल्या सभेत तर तिनं उजवा तळहात उघडून सगळ्यांना दाखवला. "या हातावर मास्तरणीचा चामडी पट्टा बसलाय, लेकरांनो! गुन्हा काय? वर्गात गेलिक बोलले. माझ्या आईची भाषा बोलले!" टाळ्यांचा कडकडाट झाला. चर्चचा पंच रोडरिक आणि तिच्या वर्गातले दोन-तीन म्हातारे टाळ्या वाजवता वाजवता खाली बघत होते. एनिअस शेवटच्या बाकावर टोपी चाळवत बसला होता.

निकाल लागला. "नाही" जिंकलं. मर्डिनानं खिडकीतला स्कॉटलंडचा निळा झेंडा काढला, इस्त्री केली आणि पेटीत ठेवला. त्या रविवारी एनिअस नेहमीसारखा आला. तिनं सूप वाढलं.

"तू काय म्हणून दिलंस मत?"

"मत गुप्त असतं गं."

"माझ्यापासून गुप्त?"

एनिअसनं चमच्यानं बटाटा फोडला. "नाही म्हणून दिलं. पेन्शनचं काय होईल कोण जाणे. आणि मर्डिना, घरं जाळायला लंडनहून कोण आलं होतं? कोलीत धरणारे हात इथलेच होते. मालक एडिनबराचा काय नि लंडनचा काय, माझं छप्पर त्याच्याच मर्जीवर."

"म्हणजे छपरासाठी मत विकलंस."

त्यानं चमचा खाली ठेवला. "आणि पट्टा मी खाल्ला होता. गेलिक तू बोललीस, हात मी पुढं केला. सभेत तू आपला हात दाखवलास. मी बोललो का काही?"

खरं होतं. शाळा एका खोलीची, लहानमोठे सगळे एकत्र; कोण बोललं म्हणून मास्तरणीनं विचारलं तेव्हा मर्डिनाची दातखिळी बसली आणि या चिमुरड्यानं हात पुढं केला. कितीतरी दिवस त्याला पेन्सिल धरता येईना. पण सांगता सांगता तो हात कधी तिचा झाला, ते तिचं तिलाच कळलं नव्हतं. एनिअस समोर बसला होता तेव्हाच चुकले म्हणाली असती तर काय बिघडलं असतं? पण जीभ ती, एकदा तापली की तापली.

"विकलेल्या हाताची गोष्ट मी चारचौघांत सांगत नाही," ती म्हणाली.

एनिअसनं टोपी घातली आणि गेला. सूप तसंच राहिलं.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मर्डिना सवयीनं दोन वाडगे काढायची आणि एक परत ठेवायची. गावातला सुतार केनेथ गन आमच्याकडे प्रेतपेट्याही करतो आणि दफनाचं सगळं तोच बघतो. त्यानं कितीदा तरी सांगून पाहिलं, "जा हो एकदा. उद्याचं कुणी पाहिलंय?"

"येईल तो. धाकटा आहे, त्यानं यावं," ती म्हणायची. मकायांचा ताठा! चुलीत घाला तो ताठा.

दुसऱ्या हिवाळ्यात एनिअस डोंगरावरच गेला. कुत्रं त्याच्यापाशी बसून होतं म्हणून सापडला.

आमच्याकडे प्रेताची पेटी थडग्यात हातानं खाली सोडतात. आठ दोऱ्या, आठ माणसं, प्रत्येक दोरीला नंबर, आणि डोक्याकडची पहिल्या नंबरची दोरी सगळ्यात जवळच्या माणसाची. पण बायका थडग्यापाशी जात नाहीत, घरी चहाचं बघतात. म्हणून आदल्या दिवशी केनेथ आला तेव्हा मर्डिना पाव कापत बसली होती.

"डोक्याकडची दोरी तुमची," तो म्हणाला.

"वेड लागलंय का तुला?"

"त्यानंच सांगितलंय. मागं छातीत दुखलं होतं तेव्हा. मी म्हटलं, अरे, आपल्यात रिवाज नाही. तर म्हणाला, जन्मभर हक्क मागत आली, हा एक तरी मिळू दे तिला. मी म्हटलं, आणि नाही आली तर? म्हणाला, येईल ती."

मर्डिनानं सुरी पावाशेजारी ठेवली. "छातीत दुखत होतं? आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"तुम्ही विचारलंत कुठं?" केनेथ हळूच म्हणाला.

ती रात्र तिनं कशी काढली ते तिलाच ठाऊक.

दफनाच्या दिवशी समुद्रावरून बोचरा वारा होता. काळा कोट घालून मर्डिना पुरुषांच्या मागोमाग चढण चढली. रोडरिक पुटपुटला, "हे बरं नाही दिसत." केनेथनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि पहिला नंबर पुकारला. तिनं डोक्याकडची दोरी घेतली. पेटी हळूहळू खाली गेली. एनिअस तसा किरकोळ अंगाचा, पण जड लागला. दोरी तळहातात रुतत गेली. पेटी टेकली. रिवाजाप्रमाणे सातही जणांनी आपापल्या दोऱ्या आत टाकल्या.

मर्डिनानं टाकली नाही. मूठ आवळून उभी राहिली.

"मर्डिना, सोडा आता," केनेथ म्हणाला.

"पट्टा यानं खाल्ला होता," ती मोठ्यानं म्हणाली. "ऐकताय ना सगळे? माझ्या हातावर कधीच नव्हता पडला. मी गप्प बसले होते. हा होता तो हात, याचा!"

रोडरिकनं टोपी काढली.

"ठाऊक आहे गं आम्हाला," तो गेलिकमध्ये म्हणाला. "वर्गातच होतो ना आम्ही. तेव्हाही गप्पच होतो."

मर्डिना तिथंच मातीत बसली आणि लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडली. "एनिअस, ये रे. वाढून ठेवलंय," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. शेवटी केनेथनं खाली वाकून तिची बोटं एकेक करून उलगडली आणि दोरी आत सोडली.

तळहातावर लालभडक वळ उठला होता. तो तिनं कुणालाच दाखवला नाही.