हनुवटी अंदाजाची

स्वराज्य मागणारे ते मोठे पुढारी वारल्याची बातमी धार संस्थानात पोचली, तेव्हा माझ्या लग्नाला दुसरं वर्ष लागलं होतं. सासरे दरबारच्या कचेरीत कारकून. त्यांनी आणि शेजारच्या मंडळींनी रामाच्या देवळात भजन ठरवलं. सभा म्हटली की कचेरीत विचारणा झाली असती, म्हणून भजन. समोर ठेवायला तसबीर मात्र कुणाकडेच नव्हती. वर्तमानपत्रातल्या चित्राची शाई इतकी पसरली होती की पगडीखाली नुसता काळा डाग दिसे.

सासूबाई म्हणाल्या, "सूनबाईनं पाहिलंय ना त्यांना."

पाहिलं होतं खरं. माझ्या माहेरी ते एकदा जेवायला आले होते आणि वाढायला मी होते.

मी सांगेन तशी तसबीर काढायला शाळेतले चित्रकलेचे मास्तर दुपारी घरी आले. ते माळव्यातलेच, मराठी समजायचं, पण बोलायचे हिंदीत. मी माजघराच्या दाराआड बसले. मास्तर सासऱ्यांना विचारत, सासरे मला, आणि मी सासूबाईंच्या कानात सांगे. नाकापर्यंत येईतो सासरे कंटाळले.

"सूनबाई, बाहेर ये. तूच सांग त्यांना."

लग्नानंतर परक्या पुरुषासमोर मी पहिल्यांदाच बसले. सांगू लागले तेव्हा कळलं, आपल्याला फारच थोडं आठवतंय. कपाळ रुंद, डोळे रोखून पाहणारे. हनुवटी काही केल्या आठवेना. त्यांनी भात पुन्हा मागून घेतला होता आणि "शाळेत जातेस का?" असं मला विचारलं होतं, ते मात्र स्वच्छ आठवत होतं.

"बात करते समय मुँह कैसा रहता था?" मास्तरांनी विचारलं.

"हसत नव्हते," मी म्हटलं. "पण माझं उत्तर येईपर्यंत घास हातात धरून थांबले होते."

मास्तरांनी काढलेले ओठ खोडले आणि पुन्हा काढले.

भजनाला देऊळ भरलं. नालछ्याहून आलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तसबिरीला हार घातला आणि सासऱ्यांना विचारलं, "असेच दिसायचे का?"

"माझ्या सुनेनं पाहिलंय. तिलाच विचारा."

मी म्हटलं, "डोळे तसेच आहेत. हनुवटी अंदाजाची."

त्यांनी मान डोलावली आणि वाकून नमस्कार केला. नंतर बायकांनी मला घेरलं. ते काय जेवले, कुठं बसले, आवाज कसा होता, सगळं विचारून घेतलं.

पुढं मास्तर घरी आले की मी समोरच बसून बोलायची. सासूबाईंनी एकदा मास्तरांच्या चहाचा पेला माझ्याच हाती दिला, तेव्हापासून दाराआड जाणं सुटलं.