पहिला नंबर हत्तीच्या पिल्लाला

सर्वांत चांगला कार्टून सिनेमा कोणता, यावरून रविवारी जेवणाच्या टेबलावर माझी मुलगी आणि भाचा हमरीतुमरीवर आले. शिस्त हवी म्हणून मी कागदावर रकाने आखले: कथा, चित्रं, गाणी. काम झरझर चाललं होतं. तेवढ्यात माझ्या नवऱ्याने हत्तीच्या पिल्लाच्या सिनेमाला सगळीकडे पैकीच्या पैकी गुण दिले.

"बाबा, काहीही काय! किती रटाळ होता तो. आई, खोड."

"तुला रटाळच वाटणार. मध्यंतरानंतर तू माझ्या खांद्यावर झोपली होतीस."

"मग शेवट काय होता, सांग."

"मी कुठे पडद्याकडे बघत होतो?"

भाचा खो खो हसला. मी मात्र पेन्सिल धरून बसून राहिले. सिनेमाला गुण देताना शेजारच्या खुर्चीत कोण होतं, तेही आपण मोजत असतो. त्याचा रकाना कसा आखायचा, ते मला सुचेना.

मुलगी पुढच्या आठवड्यात नोकरीसाठी बंगळुरूला जाणार आहे. तिने खुर्ची बाबाला खेटून ओढली.

"लाव तो सिनेमा," ती म्हणाली. "आज शेवटपर्यंत बघू."