टाचणीखालची घडी

तपासनीसबाई नाकासमोर चालणाऱ्या. विद्यापीठाचे हिशेब तपासण्यात एकतीस वर्षं गेली, पण कुणाचा फुकटचा चहा घेतला नाही की फाइलीतल्या कागदाचा कोपरा दुमडला नाही. ही घरी मिठाचाही हिशेब ठेवते, असं नवरा पाहुण्यांना सांगायचा, आणि ते खोटं नव्हतं.

एका सकाळी टपालात निनावी पाकीट आलं. प्रयोगशाळेच्या सूक्ष्मदर्शकांची बिलं नीट पाहा, एवढीच टाइप केलेली ओळ आणि मागे चौदा बिलांच्या प्रती. बाईंची नजर मात्र टाचणीवर अडकली. कुणाच्या बोटाला टोचू नये म्हणून टोकावर कागदाची इवलीशी घडी. असं टाचणारा सगळ्या इमारतीत एकच माणूस, खरेदी विभागातले कारकून अण्णा. निवृत्तीला पाच महिने उरलेले, घरी बायको अंथरुणाला खिळलेली. बिलांवर मंजुरीची सही वित्त अधिकाऱ्यांची, म्हणजे चिठ्ठीचा रोख त्यांच्यावर, आणि अण्णांची पेन्शनही त्यांच्याच सहीने निघायची. जन्मभर दुसऱ्याचं बोट जपलं, आणि तेच आता अंगाशी येणार होतं.

त्यांनी टाचणी घडीसकट काढून पर्समध्ये टाकली आणि कागदांना साधी क्लिप लावली.

मग त्या बिलांच्या मागे लागल्या. तीन वर्षांतली एकाच दुकानाची बिलं, पण नंबर अठरा ते एकतीस, ओळीने. म्हणजे त्या दुकानाला दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं. पत्त्यावर कुलूपबंद खोली निघाली आणि बँकेतलं खातं वित्त अधिकाऱ्यांच्या मेव्हण्याचं. पाणी कुठे मुरत होतं ते दिसलं.

चौकशीत वित्त अधिकाऱ्यांचा एकच धोशा, चिठ्ठी लिहिणारा कोण ते आधी सांगा. कुलसचिवांनी बाईंकडे पाहिलं.

"पाकिटात कागद असेच होते?"

"असेच होते, साहेब," बाई म्हणाल्या. नोकरीतलं त्यांचं हे पहिलं खोटं.

वित्त अधिकारी निलंबित झाले. पुढे अण्णा पेन्शनचे कागद घेऊन आले. बाईंनी ते उचलले आणि बोटाला टाचणी टोचली. घडी नव्हती.

"पाकीट टाकल्यावर टाचणीवरची घडी आठवली, बाई," अण्णा खाली बघत म्हणाले. "तेव्हापासून घडी घालायचा धीर होत नाही."

बाईंनी पर्समधून जुनी टाचणी काढून टेबलावर ठेवली, घडीसकट. अण्णांनी ती ओळखली. त्यांनी ती उचलली आणि पेन्शनच्या कागदांना लावली.