कोरी बाटली

नाशिक रोडच्या आमच्या जिममधल्या ट्रेनरला सगळे सर म्हणतात. तो माझ्याहून वीस वर्षांनी लहान, तरी मीही मुकाट्याने सरच म्हणायचो. बोलताना समोरच्याच्या दंडावर दोन बोटं आपटायची त्याला सवय आहे. त्या बोटांची आता मला चीड येते.

"काका, लिव्हरच्या पेशींत एक स्विच असतो. हे थेंब तो ऑन करतात, मग चरबी आपोआप जळते."

तो बंद कसा करायचा, असं मी एकदा विचारलं. तो नुसता हसला आणि दंडावर बोटं आपटली.

थेंबांची बाटली देण्याआधी तो ती गरम पाण्याच्या मगात बुडवतो आणि नखाने लेबल सोलून काढतो. लेबल हाताला चिकटतं म्हणे. अशा कोऱ्या बाटल्या मी दोन महिने घरी नेल्या.

काल त्याच्या सख्ख्या भावाने मगातली बाटली उचलून झाकण उघडलं. सरांनी ती हिसकावली. "तुला शंभर वेळा सांगितलंय, हे घ्यायचं नाही!"

लेबल अर्धंच निघालं होतं. उरलेल्या अर्ध्यावर इंग्रजीत छापलं होतं, 'फक्त संशोधनासाठी. माणसांनी घेऊ नये.'

"मग आम्ही कोण रे?" मी ओरडलो.

"काका, कंपनीला तसं लिहावंच लागतं." त्याची बोटं माझ्या दंडाकडे आली. मी हात झटकला.

"मग दे की भावाला!"

तो बाटली पुन्हा मगात बुडवून उरलेलं लेबल खरवडायला लागला.