दोऱ्यानं शिवलेली राज्यघटना

माझी मावशी सरकारी छापखान्यात बाइंडर होती. राज्यघटना तिला तोंडपाठ होती, पण वाचून नव्हे, पानं काढून-घालून. ज्या प्रतीवर हात ठेवून राष्ट्राध्यक्ष शपथ घेतात, ती संसदेतली मोठी प्रत आमच्याकडे शिवत नसत, दोन पितळी स्क्रूंनी आवळत. दुरुस्ती आली की मावशी स्क्रू पिळायची, जुनं पान बाहेर, नवं आत, आणि पाच मिनिटांत देश बदलून चहा प्यायला मोकळी!

सगळ्यात जास्त फेऱ्या झाल्या राष्ट्राध्यक्षांच्या मुदतीच्या पानाच्या. ती नोकरीला लागली तेव्हा त्यांना संसद निवडायची, सात वर्षांसाठी, एकदाच. मग लोक निवडू लागले, पाच वर्षांसाठी, दोनदा. मग म्हणे कितीही वेळा. मग पंतप्रधानपदच गेलं, ते परत आलं, आणि मुदती पुन्हा दोनच.

"एवढ्या वेळा तर मी घरातले पडदे बदलले नाहीत गं," ती हसत म्हणायची. पण आतून तिला लाज वाटायची. निवृत्तीआधी एकदा तरी ती प्रत दोऱ्यानं धड शिवायची, एवढीच तिची इच्छा होती.

जुनी प्रत खिळखिळी झाली म्हणून नवी छापली, आणि नेमकं मावशीच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी तिसऱ्या मुदतीच्या दुरुस्तीवर मतदान आलं. साहेब म्हणाले, "बाई, ठराव पडला तर शिवा. पास झाला तर नेहमीचे स्क्रू."

मी शेजारी प्रूफं तपासत होते. मावशीनं सकाळी आठलाच सुईत दोरा ओवून ठेवलेला.

"मावशी, पास होईल गं. कशाला जीव टांगणीला लावतेस?"

"तू गप्प बस आणि रेडिओ मोठा कर."

दोन-तृतीयांशाला तीन मतं कमी पडली! कटिंग मशीनवरचे काका, ज्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं, त्यांनी मावशीला धरून गरागरा फिरवलं. कुणीतरी पोतंभर कातरण उधळली, ती थेट साहेबांच्या टकलावर. मला हसून हसून उचकी लागली.

"अहो सोडा मला, शिवायचंय!" मावशी ओरडली.

चार वाजता तिनं शेवटची गाठ मारून दोरा दातानं तोडला, आणि साहेब संसदेतून आलेला फोन ठेवून आले. चेहरा उतरलेला.

"बाई, पुढच्या अधिवेशनात ठराव पुन्हा आणतायत. मुदतीचं पान तेवढं सुटं ठेवा म्हणाले."

"काढा की."

साहेबांनी पान चिमटीत धरून हलकेच ओढलं. येईना.

"हे फाडावं लागेल हो."

"मग त्यांनाच फाडू देत. पण संसदेत, सगळ्यांसमोर," मावशी म्हणाली. "इतकी वर्षं मीच काढून द्यायचे, कुणाला आवाजसुद्धा जायचा नाही."

साहेबांनी हात मागे घेतला. मग काकांना म्हणाले, "प्रतीवर चढवायला पुठ्ठा आणा. चांगला जाड आणा."