व्याह्यांच्या बैलांमागं मोटारीची परीक्षा

निजामाच्या राज्यात आमच्या घरी एक जुनी मोटार होती. तिचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे इंजिनात ठिणगी वाटणारा डबा, बिघडला. परभणीच्या मिस्त्रीनं दोन डबे पुढ्यात ठेवले. गाडी पळू लागली की ठिणगी जरा आधी पडावी लागते. एका डब्यात ते काम वेगानं फाकणारी वजनं करायची, दुसऱ्यात इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर चालणारी नळी. मला नळी हवी होती, थोरल्या भावाला वजनं. आम्ही इतके भांडलो की मिस्त्री वैतागला, "दोनो लगाके देखो, पन भगाके देखो!"

आधी वजनं बसवून पोखर्णीच्या रस्त्याला लागलो. थोड्याच वेळात पुढं बैलगाडी दिसली. भाऊ दचकला, "हळू घे. व्याही हायेत."

"मग पुढं काढतो की."

"व्याह्याच्या डोक्यावर धुरळा उडवतोस? माझी पोरगी नांदायलीय त्या घरात!"

पोखर्णीपर्यंत मी बैलांच्या शेपट्या बघत दात खाल्ले. देवळापाशी व्याह्यांनी विचारलं, "किती पळती वो तुमची मोटार?"

भावानं हात जोडले, "तुमच्या बैलांएवढी."

पुढच्या खेपेला नळी लावली. या वेळी व्याही आपणहून मोटारीत बसले. मी खूश होऊन वेग वाढवणार, तोच त्यांनी माझा खांदा धरला, "हळू घ्या. आमची बैलगाडी मागनं यायलीय, चुकामूक नको."

वजनं बरी की नळी, हे मला आजही ठाऊक नाही. बैल मात्र फार चांगले होते.